मोकळंच पळताय का?

भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतालच्या रस्त्याला सरळ जाण्याची सवय नाही. शेंडी गावातून तो निघतो, मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडीला पोचतो, आणि तिथून साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावं घेत पुन्हा शेंडीला येऊन मिळतो. पाण्याच्या कडेनं जायचं म्हटलं की पाण्याचं ऐकावं लागतं. पाणी एखाद्या घळीत शिरलं की रस्ताही मुकाट्यानं आत वळतो. डोंगराची सोंड आडवी आली की तिच्या खांद्यावरून पलीकडे उतरतो. मध्येच त्याला काय आठवतं कोण जाणे, पाण्याला पार सोडून झाडीत शिरतो आणि बऱ्याच वेळानं, रुसवा निघालेल्या पाहुण्यासारखा, पुन्हा काठावर येऊन बसतो. हा सगळा फेरा चाळीस किलोमीटरांच्या वर जातो. शेंडी ते रतनवाडी हा त्यातला तुकडा विसेक किलोमीटरांचा. इथल्या माणसांना हे अंतर एसटीच्या तिकिटावरून किंवा पोटऱ्यांच्या दुखण्यावरून माहीत असतं. शहरातल्या माणसाला मात्र हल्ली वीस किलोमीटर म्हटलं की पुढचा एक किलोमीटर आपोआप दिसायला लागतो, आणि तो म्हणतो, "अरे, ही तर अर्धमॅरेथॉन!"

हे वाक्य आमच्यातल्या दंतवैद्यानं उच्चारलं. कॉलेजातले आम्ही काही जण पावसाळा सरला की कुठेतरी जमतो, एकमेकांचे केस मोजतो, जेवतो आणि परत जातो. ह्या वेळी शेंडीत जमलो होतो. दंतवैद्य पूर्वी एकदा साताऱ्याच्या डोंगरातली अर्धमॅरेथॉन पळून आला आहे. २०१२ पासून ती शर्यत होते आणि हजारो माणसं सकाळच्या प्रहरी यवतेश्वरचा घाट चढत सुटतात. त्या हजारांत आपण होतो, ह्या एका गोष्टीवर त्यानं पुढच्या आयुष्याचा बराच डोलारा उभारला आहे. पदक तो गाडीच्या कप्प्यात ठेवतो, कागदपत्रांबरोबर. आमच्यापुढे शर्यत नव्हती, आयोजक नव्हते, छातीवर लावायला क्रमांक नव्हते. होता तो रस्ता, आणि कोजागिरीच्या आदल्या रात्रीचं, जवळजवळ पुरं झालेलं चांदणं. अशा चांदण्यात माणूस कशालाही हो म्हणतो.

शिवाय डोंगरात पळण्याचा आम्हाला म्हणे अनुभव होता. आमचं कॉलेज टेकडीला पाठ लावून बसलेलं. नवरात्र उरकलं की क्रॉस कंट्रीची नोटीस लागायची. मुख्य इमारतीच्या दगडी पायऱ्यांपासून सुरुवात, ग्रंथालयाला वळसा, वसतिगृहामागची पायवाट, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागचा कायम कुबट वासाचा बोळ, मग कॅन्टीन आणि कॅन्टीननंतर टेकडी. कॅन्टीनपर्यंत स्पर्धकांची रीघ असे. कॅन्टीननंतर ती एकाएकी पातळ होई, आणि टेकडीला भिडत ती दोनच प्रकारची मुलं: खरोखर पळायला आलेली, आणि खिशात चहाचे पैसे नसलेली. मी दुसऱ्या गटाचा इमानी सभासद. माथ्यावर जिमखान्याचे सर ओठांत शिट्टी आणि मनगटावर रबरबँडांची चळत घेऊन उभे असत. वर पोचेल त्याच्या मनगटात ते एक रबरबँड सरकवत. तोच पुरावा. तो नसेल तर खाली तुम्ही कितवेही या, तुम्ही आलेलाच नसता. ते रबरबँड चढवताना सरांच्या चेहऱ्यावर मुंडावळ्या बांधणाऱ्या मामाचं गांभीर्य असे, आणि पंधरा पैशांची ती वस्तू मुलं आठवडाभर हातातून काढत नसत.

आमच्यातला एक जण दर वर्षी पहिला यायचा. पळताना त्याचे पाय जमिनीला टेकतात की नुसती तिची विचारपूस करून पुढे जातात, असा प्रश्न पडे. तोही शेंडीला आला होता. आता त्याला गुडघ्यांमुळे जिन्याचीसुद्धा मनाई आहे. बेत ठरला तेव्हा तो काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मी गाडी घेऊन पुढे थांबतो. पाणी लागेल तुम्हाला."

अर्धमॅरेथॉन म्हणजे नेमके किती, ह्यावर रात्री वाद झाला. मॅरेथॉनचं अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर. हे शेपूट ग्रीसमधून आलेलं नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यत साधारण चाळीस किलोमीटरांची होती. १९०८ साली लंडनमध्ये ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी असं ठरलं, त्यातून ४२.१९५ हा आकडा निघाला आणि १९२१ मध्ये तोच कायम झाला. त्याचं अर्धं २१.०९७५. म्हणजे जगात कुठेही अर्धमॅरेथॉन पळणारा माणूस शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीखातर पळत असतो. भंडारदऱ्यात ही गोष्ट जरा जास्त खुपते, कारण इथे आधीच साहेबांची दाटी आहे. जलाशय आर्थर लेक, धरण विल्सन डॅम. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये ८२ मीटर उंचीची ती दगडी भिंत पुरी झाली, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन होते. नाव त्यांचं लागलं, दगड घडवणाऱ्या हातांचं लागण्याची रीत नव्हती. आता जलाशयाला राघोजी भांगरे यांचं नाव दिलं आहे आणि ते ह्या खोऱ्याला शोभतं. देवगावचे राघोजी ह्याच डोंगरांच्या आधारानं सावकारांशी आणि इंग्रजांशी लढले, त्यांना हुलकावण्या देत राहिले, शेवटी गोसाव्याच्या वेशात पंढरपुरात पकडले गेले, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्या डोंगरात आपण रंगीत बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीनं बांधून कोलेस्टेरॉलसाठी पळायचं, ह्यात थोडा संकोच आहेच.

पहाटे शेंडी सोडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यावर रतनगड. भाद्रपदात सोनकीनं पिवळे झालेले उतार आता उतरणीला लागलेले. इकडे-तिकडे एखादा पिवळा ठिपका, निघून गेलेल्या वऱ्हाडाचा मागे राहिलेला अक्षतांचा दाणा. खाचरांत हळवं भात कापणीला आलेलं, गरवं अजून हिरवट, आणि दोन्हींचा मिळून एक ओलसर गोड वास रस्त्यावर येऊन उभा राहिलेला. शरदातली हवा छातीत शिरताना परवानगी मागत नाही. पहिले काही किलोमीटर आम्ही फार देखणे पळालो. मग रस्ता चढू लागला.

चढाबद्दल माझं थोडं म्हणणं आहे. खाली अकोल्याला प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. हे तेच अगस्ती, ज्यांनी सूर्याची वाट अडवू पाहणाऱ्या विंध्य पर्वताला सांगितलं, मी दक्षिणेकडे जाऊन येतो, तोवर असाच वाकून राहा. आणि ते परत गेलेच नाहीत. बिचारा विंध्य अजून वाकलेला आहे. एवढं सामर्थ्य असलेला माणूस इतक्या जवळ राहिला, समुद्र पिऊन बसला, आणि मुतखेलच्या बाजूच्या ह्या चढांना दोन शब्द बोलला नाही. कळसूबाई १६४६ मीटरांची, राज्यात सर्वांत उंच, तिला कुणी वाकवावं असं मी म्हणणार नाही. तिचा मान आहे. पण हे किरकोळ, नाव नसलेले, वळणाआड लपून राहणारे चढ! त्यांच्यावर माणूस पळत नसतो. पळण्याची मुद्रा तेवढी धरून चालत असतो. कोपर दुमडलेले, मुठी वळलेल्या, चेहरा दूरच्या ध्येयाकडे, आणि वेग असा की शेजारून जाणारी गाय वळून बघते. दंतवैद्याच्या मते हीच खरी डोंगरी धाव. साताऱ्यालाही घाटात सगळे असेच असतात म्हणाला. मला ते ऐकून फार बरं वाटलं. हजारो माणसं एकाच वेळी पळाल्याचा आव आणत डोंगर चढताहेत, ह्या चित्रात मला काहीतरी विलक्षण सभ्य दिसतं.

अशाच एका सभ्य क्षणी मागून पावलं वाजली, आणि तीन मुली आमच्या शेजारून पुढे गेल्या. गेल्या त्या थांबून परत मागे आल्या, आमच्या गतीला गती जुळवायला त्यांना जागच्या जागी उड्या माराव्या लागत होत्या. "काका, कोणत्या भरतीची तयारी?" एकीनं विचारलं. राजूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या होत्या, पोलीस भरतीसाठी सराव करत होत्या. ह्या तालुक्यात पहाटेच्या रस्त्यावर पळणारं माणूस म्हणजे भरतीवालं, हा हिशेब पक्का आहे. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, घड्याळ लावून. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच डोंगरवाटांवरून पळत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली, ते ह्या मुलींना आमच्यापेक्षा नीट माहीत होतं. आम्ही एकवीस किलोमीटर पळतोय म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे पहिल्यांदा आदरानं आणि लगेच काळजीनं पाहिलं. "मग मेडल असणार?" नाही. "सर्टिफिकेट?" तेही नाही. "मग काय मिळणार?" दंतवैद्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं, "रबरबँड." मुली हसल्या, बहुधा वयस्कर माणसांच्या विनोदाला हसतात तशा, आणि पुढच्या वळणाआड दिसेनाशा झाल्या. त्यांच्यातली एखादी उद्या कुठल्यातरी चौकात खाकी वर्दीत उभी असेल आणि मी सिग्नल तोडताना तिला सापडेन, तेव्हा ती ओळख दाखवणार नाही अशी आशा आहे.

मुतखेल मागे पडल्यावर एक आजीबाई भेटल्या. पाठीवर गवताचा भारा, हातात विळा, आणि विळ्याच्याच हातात एक गाठोडं. त्या उभ्या राहिल्या आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत निरखलं. पाठीवर काही नाही, डोक्यावर काही नाही, हातात काही नाही. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "मोकळंच पळताय का?"

ह्या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधतो आहे. तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की त्या रस्त्यावर मोकळं कुणी नव्हतं. दुधाची किटली, जळणाची मोळी, दप्तर, खतांच्या रिकाम्या पोत्यात भरलेलं काहीतरी, कडेवरचं मूल. अगदी शेळ्यांमागचा पोरगाही खांद्यावर काठी आणि काठीला बाटली लावून चाललेला. रस्ता त्यांच्यासाठी काहीतरी इकडून तिकडे नेण्याची सोय होती, आणि आम्ही तिघं-चौघं त्यावरून नुसतं स्वतःला नेत होतो. तेही परत आणण्यासाठी. आजींनी उत्तराची वाट पाहिली नाही. "कोलटेंभ्याला जाता?" हो म्हटल्यावर गाठोडं माझ्या हातात आलं. "पोरगा भात कापतोय. रस्त्याच्या कडंच्याच खाचरात हाय, लाल टोपी. भाकरी हाय म्हणावं." आणि त्या भाऱ्यासकट वळून पायवाटेला लागल्यासुद्धा. आमचं नाव, गाव, हेतू त्यांनी काही विचारलं नाही. ज्या माणसाचे हात मोकळे आहेत त्याच्याकडून वस्तू नीट पोचेल, एवढं पुरे होतं.

नागलीच्या भाकऱ्या अजून गरम होत्या. गाठोडं छातीशी धरलं तर पळता येईना, हातात लोंबतं ठेवलं तर ते मांडीवर आपटायचं. शेवटी डोक्यावर ठेवलं आणि एका हातानं धरलं, तेव्हा ते जागेवर बसलं. आणि एक चमत्कार झाला. लोकांनी आमच्याकडे पाहणं बंद केलं. आतापर्यंत प्रत्येक वळणावर कुणीतरी थबकून बघत होतं. गाठोडं डोक्यावर आल्यापासून मी त्या रस्त्याचाच एक भाग झालो. एक सायकलवाला नुसती मान हलवून गेला, रोज भेटणाऱ्याला हलवावी तशी. चढही काहीसा मवाळ झाल्यासारखा वाटला. फडक्यातून लसणाच्या चटणीचा वास येत असताना चढाकडे पुरेसं लक्ष देता येत नाही हे कारण असेल. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असंख्य कागद असंख्य टेबलांवर पोचवले आहेत. त्यांतल्या एकाहीबद्दल, हे वेळेत पोचलं नाही तर कुणीतरी उपाशी राहील, असं मला वाटलेलं आठवत नाही.

लाल टोपी कोलटेंभ्याला सापडली. त्यानं विळा बाजूला ठेवला, गाठोडं घेतलं, आणि त्याला जराही नवल वाटलं नाही. "आई चढली नाही ना एवढं?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. बांधावर बसून गाठ सोडली, एक भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. नको म्हणायची शहरी सवय तोंडात आली होती, ती चटणीबरोबर गिळली.

पुढच्या वळणावर गाडी उभी होती. आमचा जुना पहिला नंबर तिला टेकून उभा, ओठांत शिट्टी नव्हती, पण मनगटावर रबरबँडांची चळत होती. पहाटे शेंडीतल्या दुकानदाराला उठवून आणले होते म्हणे, भाजीच्या जुड्यांना लावतात ते, लाल-पिवळे. पाण्याची बाटली देण्याआधी त्यानं प्रत्येकाचं मनगट हातात घेतलं आणि एकेक सरकवला. चेष्टा करायची आमची पूर्ण तयारी होती. त्याचा चेहरा पाहून कुणी केली नाही. मग दंतवैद्यानं त्या चळतीतला एक काढला आणि त्याच्याच दुसऱ्या मनगटात घातला. तो म्हणाला, "मी कुठे चढलोय?" दंतवैद्य म्हणाला, "टेकडीवर सर तरी कुठे पळत यायचे?" आणि मग सगळेच पाण्याच्या बाटल्यांची झाकणं फार काळजीपूर्वक लावत बसलो.

तिथून पुढे हात पुन्हा मोकळे. आदल्या संध्याकाळी आम्ही गाडीनं घाटघरला जाऊन आलो होतो, ते मला पळताना आठवत राहिलं. घाटघरला पाऊस इतका की त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथे उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, २५० मेगावॅटचा. वरचं धरण घाटघरला, खालचं कड्याखाली कोकणात चोंढ्याला. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडतात, वीज तयार होते. मागणी ओसरली की तेच पाणी पंपानं पुन्हा डोंगरावर चढवतात. चढवायला जी वीज लागते ती उतरताना मिळणाऱ्या विजेहून जास्तच असते. कागदावर हा तोट्याचा धंदा दिसतो. पण ऐन संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात, त्या तासाभरासाठी तो करतात, आणि त्या तासाला तो तोटा कुणी विचारत नाही. पळून झाल्यावर संध्याकाळी आम्ही किती बोललो, कोण किती वर्षांनी कुणाशी मोकळं बोललं, ते पाहता सकाळी वर चढवलेलं सगळं तेव्हाच खाली आलं असावं. हिशेब मी मांडलेला नाही.

त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगानं, रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते, आणि ती मात्र मोकळी कधीच पळत नाही. जन्मल्याजन्मल्या तिला ह्या तळ्यात थांबवून अकरा टीएमसीचा भार दिला जातो. पंधरा ऑगस्टच्या आगेमागे वर्तमानपत्रात भंडारदरा भरल्याची बातमी आली की खाली संगमनेर-श्रीरामपूरकडच्या उसाला हायसं वाटतं. रंधा धबधब्यावरून उडी टाकून ती अकोल्याला अगस्तींच्या पायाशी जाते, आणि पुढे नेवाशाला, जिथे तिच्या काठी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मग प्रवरासंगमाला गोदावरीच्या स्वाधीन होते. एवढं सगळं वाहून नेताना तिला कुणी वेळ विचारल्याचं ऐकिवात नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या कोरीव देवळापाशी आमच्या घड्याळांनी वीस किलोमीटर आणि काही मीटर दाखवले. राहिलेलं अंतर दंतवैद्यानं पुष्करणीला आणि देवळाला प्रदक्षिणा घालत पुरं केलं, साडेसत्त्याण्णव मीटरांसकट. आम्ही बाकीचे पायरीवर बसून मोजत होतो, आणि मोजताना चुकत होतो, म्हणून त्याला दोन प्रदक्षिणा जास्त पडल्या. इंग्लंडच्या वाट्याच्या मीटरांचं पुण्य शंकराच्या खात्यात जमा झालं, हे एकंदर बरंच झालं.

तुम्हाला जायचं असेल तर शरदातच जा, हळवं भात कापणीला येतं तेव्हा. उजाडायच्या आत शेंडी सोडा आणि परतीच्या गाडीची सोय आधी करून ठेवा, कारण रतनवाडीहून परत पळत यायची इच्छा कुणालाही होत नाही. पदकाची आशा धरू नका. आणि निघण्यापूर्वी नाक्यावरच्या चहावाल्याला एवढं विचारा, की मुतखेलला, कोलटेंभ्याला कुणाचं काही पोचवायचं आहे का. असतंच.